गिरणगावच्या पिढ्यांचा जमाखर्च

या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हाला विषय विचारला, त्याच आठवड्यात दोन माणसे आम्हाला दोन उलट गोष्टी सांगून गेली. पहिले एक निवृत्त हेडमास्तर. एस.टी.त आमच्या शेजारी बसले होते. म्हणाले, "आमच्या वडिलांच्या पायात पहिली वहाण आली ती त्यांच्या लग्नात. आज शाळेतल्या पोराला बुटांचे दोन जोड लागतात. लोक इतके सुखी कधी नव्हते आणि इतके कुरकुरेही कधी नव्हते!" दुसरा एक पंचवीस-सव्वीस वर्षांचा तरुण. लोअर परळला एका उंच इमारतीच्या फाटकावर तो रखवालीला असतो. तो म्हणाला, "काका, माझे आजोबा ह्याच जाग्यावर गिरणीत साचेवाले होते. त्यांची पाळी आठ तासांची. माझी बारा तासांची. मग आमचं घर पुढं गेलं का मागं?"

दोघांपैकी खोटे कोणीच बोलत नव्हते. अशा वेळी पुढाऱ्याने काहीतरी ठणठणीत बोलून सुटका करून घ्यावी, अशी आमच्या धंद्यात रीत आहे. आम्हालाही ती येते. परंतु त्या पोराच्या प्रश्नाला टाळ्यांचे उत्तर चालले नसते. म्हणून आम्ही जुनी कागदपत्रे पुन्हा काढली, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे बोलणे आठवले आणि जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो आहोत.

मागच्या पिढीपेक्षा आजची पिढी सुखी आहे काय, हा प्रश्न हवेत सोडला तर उत्तरही हवेतच राहते. तो कुठेतरी खुंटीला बांधला पाहिजे. आमची खुंटी म्हणजे मुंबईचा कापडगिरणी कामगार. तो आमचा घरचा माणूस आहे हे एक कारण. दुसरे असे की, हा वर्ग दीडशे वर्षांच्या आत जन्माला आला, वाढला आणि विरून गेला. त्यामुळे त्याचा जमाखर्च पुरा मांडता येतो. आणि या सातारा जिल्ह्यात तो परका नाही. रत्नागिरी आणि सातारा या दोन जिल्ह्यांनी गिरण्यांना पुष्कळ माणसे पुरवली. या मंडपात बसलेल्यांपैकी कित्येकांच्या घरी मुंबईच्या मनिऑर्डरीवर चूल पेटली असेल.

आमच्या विद्वत्तेविषयी आधीच सांगून टाकतो. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे वाचन दादरला, नायगावच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात, शब्दकोश मांडीवर घेऊन झाले. सरकारी अहवालांचे इंग्रजी कोरडे असते, पण एकदा त्याची खोड कळली की तो अहवाल एखाद्या साक्षीदारासारखा बोलू लागतो.

विलायतेतही हा वाद झालेला आहे. लँकेशायरच्या पहिल्या गिरणी कामगारांचे जिणे सुधारले की बिघडले यावर 1950-60 च्या सुमारास एरिक हॉब्सबॉम आणि आर. एम. हार्टवेल या दोघा इतिहासकारांची चांगलीच जुंपली होती. एकाने मृत्यू आणि बेकारी पुढे केली, दुसऱ्याने मजुरी आणि भाव. पुढे 1963 साली ई. पी. थॉम्पसन यांनी, दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, असे दाखवले. चार वस्तू जास्त मिळत असतानाच माणसाचे जिणे त्याच्या हातातून निसटू शकते. हे वाचले तेव्हा आम्हाला आमची आजी आठवली. तिचे म्हणणे पुढे येईलच.

मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 साली काढली आणि 1856 साली ताडदेवला गिरणी चालू झाली. त्या काळी कामाची वेळ म्हणजे दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून कामही मोठे. 1881 साली पहिला कारखाना कायदा झाला. त्याने काय केले? सात वर्षांखालचे मूल कामावर ठेवू नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, असे ठरवले. सात वर्षांचे मूल, नऊ तास, आणि ही सुधारणा! ती व्हावी म्हणून लँकेशायरच्या गिरणीमालकांनीही जोर लावला होता, कारण मुंबईचे स्वस्त कापड त्यांना खुपत होते. आमच्या लेकरांचे बालपण थोडेफार वाचले, त्यात परक्या व्यापाऱ्यांच्या मत्सराचाही वाटा आहे. इतिहासात असे ऋणकरी निघतात.

1884 च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. रविवारी सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाला सकाळी साडेसहाला सुरुवात आणि सूर्यास्ताला शेवट, काम करताना जखमी झाल्यास भरपाई, आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत, एवढ्याच त्या मागण्या. यातल्या शेवटच्या मागणीवर आम्ही घटकाभर थांबणार आहोत, कारण ती दिसायला किरकोळ आहे आणि तशी ती नाही.

समजा, एखादा जवान ज्येष्ठात गावाहून आला आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला कामाला लागला. महिनाभर राबला. पगार पुढच्या महिन्याच्या मध्याला, कधी त्याहूनही पुढे. म्हणजे पहिला पैसा हातात पडायला दीड महिना. तोवर त्याने खायचे काय? खाणावळवाली उधार देई, वाणी उधार देई, त्याच्या वर सावकार. शिवाय ज्या जॉबराने कामाला लावले त्याची दस्तुरी वेगळी. पहिला पगार झाला तो आधीच खाल्लेला. अशा रीतीने कामगार जन्माचा कर्जदार होई, आणि त्यात दारू, जुगार, लग्नाची हौस यांचा हात नंतरचा. पहिला हात उशिरा मिळणाऱ्या पगाराचा. रविवारची सुटी 10 जून 1890 पासून मिळाली, त्याआधी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले होते आणि त्या सभेत दोन बायका बोलल्या होत्या. पण वेळेवर पगाराचा कायदा व्हायला 1936 साल उजाडले. लोखंडे 1897 साली वारले. मागणी आणि कायदा यांच्यामध्ये बावन्न वर्षे, म्हणजे दोन पुऱ्या पिढ्या गेल्या.

आमचे पणजोबा 1905 च्या सुमारास पाटणच्या बाजूने मुंबईला गेले असे घरात सांगतात. त्याच सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले. आज कोणीही म्हणेल की विजेचा दिवा म्हणजे प्रगती. कामगाराच्या खोलीत तो पोचायला अजून बराच अवकाश होता. गिरणीत मात्र तो आला, आणि सूर्याने घालून दिलेली मर्यादा गेली. काही गिरण्यांत कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. 1911 च्या कायद्याने तो बारा तासांवर आणला. आमचे पणजोबा त्यांच्या बापापेक्षा, जो गावी नांगर धरून होता, जास्त पैसा पाहत होते यात शंका नाही. गावी पैसा नव्हताच. परंतु बापाने आयुष्यात कधी पंधरा तास एका जागी उभे राहून काम केले नव्हते, आणि त्याच्या छातीत कापसाची धूळ नव्हती.

आता 1921 सालावर येतो. महायुद्ध संपले होते, भाव चढले होते, 1918 च्या तापाची साथ येऊन गेली होती. त्या वेळी सरकारच्या मजूर खात्याचे फिंडले शिरास यांनी मुंबईतल्या कामगार कुटुंबांच्या खर्चाची पाहणी केली, तिचा अहवाल 1923 साली निघाला. त्यातले आकडे आम्ही प्रथम वाचले त्या दिवशी ग्रंथालयातून उठून चक्क बाहेर येऊन उभे राहिलो होतो. शंभरातली सत्त्याण्णव कुटुंबे एकाच खोलीत राहणारी. सत्तेचाळीस कर्जात. व्याजाचा नेहमीचा दर महिन्याला रुपयामागे एक आणा, म्हणजे वर्षाला शेकडा पंचाहत्तर. आणि अन्नाबद्दल असे की, मुंबईच्या तुरुंगातल्या कैद्याला नियमाप्रमाणे जेवढा आहार मिळे तेवढाही या कामगाराला मिळत नव्हता. हे कोणा लाल बावटेवाल्याने लिहिलेले नाही. सरकारी अधिकाऱ्याने सरकारी खर्चाने छापलेले आहे.

त्याच वर्षी एका खोलीच्या बिऱ्हाडांतल्या बालमृत्यूचा आकडा मुंबईत हजारी 828 असा नोंदला गेला. हा आकडा भाषणांत फार वापरला जातो आणि आम्हीही पूर्वी वापरला आहे. पण तो जपून घेतला पाहिजे. पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी जात आणि मूल घेऊन परत येत. जन्म गावी नोंदला जाई आणि मृत्यू मुंबईत, त्यामुळे प्रमाण फुगे. पण फुगवटा कितीही काढला तरी उरते ते भयंकरच आहे. पुढच्याच वर्षी एका डॉक्टरबाईंच्या सरकारी चौकशीत आढळले की, कामावर जाणाऱ्या जवळजवळ सगळ्या आया तान्ह्या मुलाला अफूची गोळी देत होत्या. आई दहा तास गिरणीत, मूल खोलीत. ते रडू नये म्हणून बाळगोळी. आमच्या आजीला हे विचारले तेव्हा ती म्हणाली, "न देऊन काय करावं? शेजारीण किती येळ घेणार?" आजीची सहा बाळंतपणे झाली. जगली दोन.

तेव्हा 1856 पासून 1921 पर्यंतच्या पासष्ट वर्षांत कामगाराचे बरे झाले काय? मुंबई श्रीमंत झाली. व्हिक्टोरिया टर्मिनस झाले, म्युनिसिपालिटीची इमारत झाली. कामगाराच्या पगाराचे रुपये वाढले. तो मात्र आपल्या आजोबापेक्षा जास्त दाटीत, जास्त कर्जात आणि जास्त मरणात जगत होता, असेच आम्ही या कागदांवरून म्हणतो. गिरण्या वाढल्या म्हणजे कामगाराचे आपोआप भले होते, हे ज्यांना पटते त्यांनी हा अहवाल एकदा चाळावा.

पुढची साठ वर्षे मात्र निराळी आहेत. 1920 च्या संपानंतर दिवस दहा तासांवर आला. 1928 साली सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप झाला. आमचे आजोबा तेव्हा सोळा वर्षांचे, नुकते सूतखात्यात लागलेले. संपात ते गावी परतले आणि सहा महिने नाचणीच्या भाकरीवर काढले. 1934 साली आठवडा चोपन्न तासांचा झाला, 1946 साली अठ्ठेचाळीस तासांचा. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. 1947 साली औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने पगारांचे प्रमाणीकरण झाले, सर्वांत खालच्या कामगाराचा मूळ पगार 30 रुपये ठरला, आणि त्यावर महागाई भत्ता, तोही निर्देशांकाला बांधलेला. भाव चढले की भत्ता चढणार. 1952 साली प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा झाला. 1954 साली राज्य विम्याची योजना मुंबईत आली.

आजी 1991 साली वारली. त्याच्या आदल्या वर्षी आम्ही तिला सरळ विचारले होते, की आजी, आपल्या घरात चांगले दिवस कधी आले? आमची अपेक्षा, ती स्वराज्याचे नाव घेईल, किंवा घरात वीज आली तो दिवस सांगेल. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "पठाण दाराम्होरनं गेला आन् आपल्या दारात थांबला न्हाई, तवापासनं." पगाराच्या दिवशी व्याजवसुलीला पठाण सावकार गिरणीच्या फाटकावर आणि चाळीच्या जिन्यावर उभे राहत. (त्या बिचाऱ्या जमातीवर आमचा रोख नाही. सावकारी वाणीही करीत, जॉबरही करीत. पठाण परमुलखातला, उंच, काठी घेतलेला, म्हणून तो लक्षात राहिला.) कोणत्या साली हे झाले ते आजीला सांगता येईना, पण थोरल्या काकाच्या बारशाच्या आगेमागे म्हणाली. त्यावरून 1948 किंवा 49 साल निघते. निवाडा 1947 चा. आजीला निवाडा ठाऊक नव्हता.

सुख मोजायचे आजीचे हे माप आम्हाला कोणत्याही कोष्टकापेक्षा पक्के वाटते. पुढच्या महिन्यात आपण कोणाच्या दयेवर असू? याचे उत्तर ज्याला ठाऊक आहे आणि ते "कोणाच्याच नाही" असे आहे, तो मागच्या पिढीपेक्षा पुढे गेला, असे आम्ही समजतो. या मापाने आमचे वडील आजोबांच्या पुढे होते. ते 1938 चे. 1957 साली बदली कामगार म्हणून लागले, चार वर्षे रोज सकाळी फाटकावर जाऊन आज काम आहे की नाही ते पाहत, आणि मग कायम झाले. घर तेच, दहा बाय बाराची खोली, मोरी दारामागे, संडास गॅलरीच्या टोकाला. पण खोलीत सायकल होती, रेडिओ होता, दिवाळीला बोनस होता, आणि आम्ही तिन्ही भावंडे जगलो. यातले शेवटचे केवळ पगारामुळे झाले असे आम्ही म्हणणार नाही. त्यात नळाचे पाणी आहे, देवीची लस आहे, के.ई.एम. आहे. परळच्याच हाफकिन संस्थेचेही त्यात श्रेय आहे. 1911 ते 1921 या दशकात हिंदुस्थानात जन्मलेल्या मुलाचे सरासरी आयुर्मान वीस वर्षांच्या आसपास होते. 1951 च्या सुमारास ते बत्तीस होते. आज सत्तरच्या घरात आहे. महाराष्ट्रात 2020 साली बालमृत्यू हजारी 16 होता. हेडमास्तरांच्या बाजूने इतका जबरदस्त पुरावा दुसरा नाही, आणि तो कमी लेखणे म्हणजे आमच्या आजीच्या गेलेल्या चार लेकरांचा अपमान होईल.

मात्र "कामगार" असा एकच शब्द वापरला की काही माणसे त्याखाली झाकली जातात. विणकाम खात्यात पगार सर्वांत बरा. त्या खात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना घेत नसत. कारण सांगत ते असे की, धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागतो, विटाळ होतो. 1928 च्या संपात आंबेडकरांनी हा प्रश्न सरळ पुढाऱ्यांसमोर टाकला आणि त्या पुढाऱ्यांना, म्हणजे आमच्याच पूर्वसूरींना, त्याचे धड उत्तर देता आले नाही. हे आम्ही लाज वाटून सांगतो, पण सांगतो. आणि बायका: 1920 च्या दशकात गिरण्यांतल्या कामगारांत त्यांचा वाटा सुमारे पाचवा होता. 1929 साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला, रातपाळीला बंदी आली, दोन्ही गोष्टी चांगल्या. मालकांनी हिशेब केला आणि हळूहळू बायका घेणेच थांबवले. 1980 पर्यंत त्या मूठभर उरल्या. गिरणीतून निघालेली बाई खाणावळ चालवू लागली, चार-पाच पुरुषांचे डबे करू लागली, आणि कोणत्याही कायद्याच्या हिशेबात ती राहिली नाही.

जुनी माणसे म्हणतात, त्या काळी माणुसकी होती. होती. गावकीच्या खोलीत पंधरा-वीस जण पाळीपाळीने झोपत. एक उठून कामाला गेला की त्याच्या वळकटीवर दुसरा. अशा ठिकाणी माणुसकी नसेल तर माणूस टिकणारच नाही. ती माणुसकी आम्हाला प्रिय आहे, पण तिच्यासाठी ती खोली परत मागणारा अजून आम्हाला भेटलेला नाही. 2025 साली वरळीच्या बी.डी.डी. चाळींतल्या पहिल्या रहिवाशांना 160 चौरस फुटांच्या खोलीच्या जागी 500 चौरस फुटांच्या घराच्या किल्ल्या मिळाल्या. तेव्हा एक आजीबाई नव्या घराच्या न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावून बसल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत, असे त्यांच्या सुनेने आम्हाला सांगितले.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. आम्ही सातवीत होतो. त्या संपाची कारणमीमांसा करायला एक वेगळे व्याख्यान लागेल. चुका कोणाच्या, हे आम्हाला आज स्पष्ट दिसते असा दावा नाही. एवढे खरे की तो संप रीतसर कधी मागे घेतला गेला नाही आणि लाखाच्या घरात माणसे पुन्हा कामावर आली नाहीत. त्यांत आमचे वडील होते. आधी तांब्यापितळेची भांडी गेली, मग आईच्या पाटल्या. 1983 च्या पावसाळ्यात आमच्या दारात सावकार उभा राहिला. तो पठाण नव्हता, आमच्याच चाळीतला होता. आजी खाटेवर बसलेली होती. तिने त्याच्याकडे पाहिले आणि तोंड भिंतीकडे केले. चौतीस-पस्तीस वर्षांत घराने जे मिळवले ते दीड वर्षात गेले, ते आम्ही तिच्या त्या पाठीवर पाहिले.

1985 साली आम्ही भिवंडीला मागावर लागलो. वय सोळा. मुंबईच्या गिरण्यांतले काम पुष्कळसे तिकडे आधीच वळले होते. शेडमध्ये पाळ्या दोनच, बारा-बारा तासांच्या. पगार मीटरवर. रजा नाही, फंड नाही. त्या वेळच्या कायद्याने वीज वापरणाऱ्या जागेत दहा माणसे असली की तो कारखाना ठरे. म्हणून एकाच छपराखालचे माग कागदोपत्री भावाच्या, मेहुण्याच्या, बायकोच्या नावावर वाटलेले. आमचे आजोबा 1928 साली दहा तास काम करीत आणि संपात सहा महिने उपाशी राहिले. त्यांचा नातू सत्तावन्न वर्षांनी बारा तास उभा होता आणि त्याच्या अंगात टेरिकॉटचा शर्ट होता. शर्ट आजोबांना परवडला नसता, हेही खरे.

कायदा नुसता असून भागत नाही, तो माणसाला लागू व्हावा लागतो, हे भिवंडीने आम्हाला शिकवले. याची उलट बाजूही याच जिल्ह्याने दाखवली आहे. तुमच्या पाटण तालुक्यातले अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईच्या बाजारांतले हमाल एकत्र केले. आज या व्यापाऱ्याचे, उद्या त्या व्यापाऱ्याचे ओझे वाहणारा, ज्याचा धनी कोण हेच ठरत नव्हते, असा हा माणूस. 1969 च्या माथाडी कायद्याने मंडळे झाली. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची, आणि मंडळाने हमालाला पगार, फंड, बोनस द्यायचा. त्याच्या पाठीवरचे पोते तेवढेच जड राहिले. पण त्याला पगाराची तारीख मिळाली, म्हातारपणाची तरतूद मिळाली, पुढे कित्येकांना घरे मिळाली. यंत्र बदलले नाही, मालही वाढला नाही, एक नियम बदलला आणि एक पिढी वर आली.

आता त्या फाटकावरच्या तरुणाकडे परत येऊ. गिरण्यांच्या जमिनींसंबंधीचा नियम 1991 साली झाला आणि 2001 साली बदलला, त्या बदलावर सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली शिक्कामोर्तब केले, आणि चिमण्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. तो तरुण बारावी झालेला आहे. त्याच्या आजोबांना सही येत नव्हती. त्याच्या मुलीला सगळ्या लसी मिळाल्या. तो राहतो नालासोपाऱ्याला, जाण्यायेण्यात तीन तास. आठवड्याची सुटी कागदावर आहे. घेतली तर त्या दिवसाचा पगार कापतात. तो कंत्राटदाराचा माणूस, कंत्राटदार दर दोन वर्षांनी बदलतो, आणि प्रत्येक वेळी याची नोकरी नव्याने सुरू होते. मागच्या वर्षी त्याने फोनवरून सात दिवसांचे कर्ज घेतले, कारण पगार लांबला होता. अशा कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने 2022 साली नियम घालून दिले आहेत. याला कर्ज देणारे त्या नियमांच्या बाहेरचे होते. वसुलीसाठी त्यांनी त्याच्या फोनमधल्या सगळ्या नातेवाइकांना निरोप पाठवले. आम्ही त्याला आजीच्या पठाणाची गोष्ट सांगितली तेव्हा तो म्हणाला, "काका, तो निदान जिन्यावरून खाली तरी उतरत असंल."

आम्ही त्याला उत्तर दिले ते असे: तुझे शरीर आजोबांच्या पुढे आहे, तुझी मुलगी तर फारच पुढे आहे, आणि तुझी उद्याची भाकरी तुझ्या पणजोबांच्या शेजारी उभी आहे. त्याला हे पटले की नाही कोण जाणे. त्याने विचारले, "मग आता?"

त्यानंतर त्या फाटकावरचे आणि आतले सफाईचे मिळून एकतीस जण संघटनेत आले. त्यांचे मागणीपत्रक लिहायला आम्ही बसलो. आठवड्याची भरपगारी सुटी, आठ तास, कामावर अपघात झाल्यास भरपाई, आणि पगार वेळेवर, कायद्याने जी सात तारीख आहे त्या तारखेच्या आत. लिहून झाल्यावर आम्ही लोखंड्यांच्या 1884 च्या मागण्यांची प्रत पिशवीतून काढून शेजारी ठेवली. पोरांनी दोन्ही कागद वाचले. एकाने विचारले, हे आधीच मागून झालेले दिसते, मग पुन्हा कशाला? सफाईच्या एक बाई म्हणाल्या, "अरे, सही कर."

पत्रक मार्चच्या अखेरीस कंत्राटदाराकडे गेले. लेखी उत्तर आले नाही. त्या महिन्याचा पगार एप्रिलच्या 14 तारखेला झाला.